कापडसाहेब

"सारा युरोप ज्या एका शब्दापुढे मान तुकवतो तो शब्द म्हणजे ब्यूरो, आणि जगातल्या यच्चयावत ब्यूरोंनी ज्या एका ब्यूरोपुढे मान तुकवावी तो हा आपला!"

वार्षिक सभेत प्रमुखसाहेबांनी ही घोषणा उभ्याने केली, त्यामुळे तिला आणखीच वजन आलं. उभ्याने करण्याचं कारण एवढंच की साहेबांच्या खुर्चीचा पाय मोडला होता. ती दुरुस्तीला पाठवायला साहेबांचीच सही हवी होती, आणि बसल्याशिवाय सही करायची साहेबांना सवय नव्हती.

ब्यूरोचं पूर्ण नाव सर्वसाधारण मंजुरी ब्यूरो. शहरात काहीही उघडायचं, मिटायचं, हलवायचं किंवा आहे तिथेच राहू द्यायचं, तर त्याला या ब्यूरोची मंजुरी लागे. आहे तिथेच राहू देण्याच्या मंजुरीला सगळ्यांत जास्त वेळ लागे, कारण त्यात करण्यासारखं काहीच नसल्यामुळे नेमकं काय करायचं हे ठरत नसे.

सभा संपल्यावर साहेबांनी शब्दाधिकाऱ्याला आपल्या खोलीत बोलावलं. शब्दाधिकारी म्हणजे ब्यूरोच्या आदेशांतला एखादा शब्द चुकूनमाकून लोकांना कळत तर नाही ना, यावर लक्ष ठेवणारा माणूस. पण हे झालं पोटापाण्याचं. त्याचा खरा नाद शब्दांची मुळं खणण्याचा. कुणी सहज "चहा घेणार का?" म्हणालं की चहा हा शब्द कुठल्या बंदरातून कुठल्या जहाजात बसून निघाला ते तो सांगायला लागे. सांगून होईपर्यंत चहा निवलेला असे आणि विचारणारा निघून गेलेला असे. कचेरीत त्याला तोंडावर पंडित आणि पाठीमागे मूळव्याध म्हणत.

"दारावर संगमरवरी पाटी बसवायची आहे," साहेब म्हणाले. "तिच्यावर आपल्या नावाचं मूळ कोरायचं. शोधून काढा. आणि हे बघा, मूळ भारदस्त निघालं पाहिजे. सिंह, गरुड, सिंहासन, असं काहीतरी. अगदीच नाही जमलं तर किल्ला."

"साहेब, मूळ जसं असेल तसं निघतं."

"असं कसं निघेल? आपल्या मंजुरीशिवाय?"

शब्दाधिकाऱ्याने मान डोलावली. एरवी त्याने वाद घातला असता, पण सध्या त्याला साहेबांची मर्जी सांभाळायची होती. प्रश्न ताईचा होता.

ताई ही त्याची थोरली बहीण. तिच्याच शिलाई मशीनवर त्याचं शिक्षण झालं होतं. म्हणजे मशीन ती चालवायची आणि शिकायचा तो. अजूनही तो तिच्याकडेच राहत होता आणि तिच्याच हातचं जेवत होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत ताईचं शिवणघर होतं. दोन बायका कामाला, आणि रुग्णालयाचे अंगरखे नि चादरी शिवायचं बांधलेलं काम. एक दिवस ब्यूरोचा तपासनीस आला नि म्हणाला, "दार आत उघडतंय. नियमाप्रमाणे बाहेर उघडायला हवं." ताईने दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून दार फिरवून घेतलं. तपासनीसाने पुन्हा येऊन पाहिलं, तोंडभरून कौतुक केलं, आणि सील ठोकलं. सील लावण्याचा आदेश आधीच निघाला होता, आणि निघालेला आदेश परत आत घेण्याची तरतूद नव्हती. आता ताईचं दार नियमाप्रमाणे बाहेर उघडत होतं, फक्त उघडत नव्हतं.

बाह्या लावायचे राहिलेले अंगरखे आतच अडकले होते. महिनाअखेरीपर्यंत माल पोचला नाही तर रुग्णालय काम दुसऱ्याला देणार होतं. सील काढायला हवी होती ब्यूरोची मंजुरी, आणि मंजुरीला हवी होती प्रमुखसाहेबांची एक सही.

त्या संध्याकाळी शब्दाधिकारी घरी आला तो उड्या मारतच.

"ताई, मिळालं!"

"मंजुरी?"

"मूळ! ब्यूरोचं मूळ!"

ताईने कपाळाला हात लावला. "बोल बाबा. तशीही रिकामीच बसलेय."

"जुन्या फ्रेंचमध्ये बुरेल म्हणून एक कापड होतं. लोकरी, भुरकट, जाडंभरडं. ते लिहायच्या टेबलावर अंथरत. पुढे टेबलालाच ते नाव पडलं. मग टेबल ठेवलेल्या खोलीला. मग खोलीत बसणाऱ्या माणसांना. आणि शेवटी ती माणसं बसल्या बसल्या जे राज्य करतात त्याला. फ्रेंचांकडून तो शब्द जर्मनांनी उचलला, पोलिशांनी उचलला, रशियनांनी उचलला. अमेरिकेत तर कपडे ठेवायच्या खणांच्या कपाटालाही ब्यूरोच म्हणतात. आहे की नाही गंमत?"

"म्हणजे तुमचा तो सगळा डोलारा मुळात घोंगडं?"

"घोंगडं नाही म्हणता येणार. काटेकोरपणे बोलायचं तर..."

"घोंगडंच ते." ताईने निकाल देऊन टाकला. "आता उद्या जा आणि साहेबाला सांग, सिंह निघाला. खूश होईल, सही करेल."

"मूळ खोटं सांगू?"

"माझं शिवणघर बसलं तर तुझ्या मुळांना पाणी कोण घालणार रे?"

शब्दाधिकारी रात्रभर सिंहाची तालीम करत होता. पण दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून कापडच निघालं. अशी माणसं असतात. खोटं बोलण्याचं धैर्य त्यांच्यात नसतं, आणि ते त्यालाच प्रामाणिकपणा म्हणतात.

साहेबांचा चेहरा आधी पडला. मग हळूहळू वर आला. याला कारण होतं. साहेबांचं आणि उपप्रमुखांचं टेबलावरून जुनं वैर होतं. उपप्रमुखांचं टेबल साहेबांच्या टेबलापेक्षा चांगलं हातभर मोठं होतं, आणि ते तिथून काढता येत नव्हतं, कारण टेबल आधी आलं होतं आणि खोलीच्या भिंती नंतर बांधल्या होत्या. साहेबांकडे आलेला माणूस आधी उपप्रमुखांच्या टेबलाला नमस्कार करून येतो, हे साहेबांना ठाऊक होतं.

"म्हणजे कापड आधीचं," साहेब सावकाश म्हणाले.

"हो साहेब."

"आणि टेबल नंतरचं."

"बरंच नंतरचं."

"मग एखाद्याचं टेबल समजा मोठं असलं..."

"तर असेल बापडं. मुळाच्या दृष्टीने पाहिलं तर टेबल हा निव्वळ आधार आहे साहेब."

साहेबांनी पुढे येऊन शब्दाधिकाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. संधी साधून शब्दाधिकाऱ्याने ताईचा अर्ज पुढे केला. "साहेब, एक बारीकसं काम होतं. बहिणीचं शिवणघर..."

"करू की! तुमचं नाही करायचं तर कुणाचं? आधी तेवढा आदेश लिहून टाका. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

शब्दाधिकाऱ्याला भरून आलं. त्याचं एखादं मूळ आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. आता तर ते कायदा होणार होतं. त्याने अर्ज परत पिशवीत ठेवला आणि आदेश लिहायला बसला. आदेश असा: 'ब्यूरो म्हणजे ब्यूरोचे कापड होय. टेबल, खोली, कर्मचारी व अधिकारी ही सदर कापडाची कालांतराने झालेली वाढ समजण्यात यावी.'

कापड आणलं गेलं. लोकरी, भुरकट, हात लावला तर हाताला चावणारं. ते साहेबांच्या टेबलावर अंथरण्यात आलं. साहेबांनी उपप्रमुखांना मुद्दाम बोलावून ते दाखवलं. "या, बसा. नाही, त्याला टेकू नका, तो ब्यूरो आहे."

उपप्रमुख हसले. मोठ्या टेबलाची माणसं घाई करत नाहीत. दुपारी त्यांची लेखी हरकत आली: कापड हाच ब्यूरो असेल तर प्रमुखांची सही ही ब्यूरोची सही होत नाही, प्रमुख हे आदेशानुसार वाढ आहेत, आणि वाढीला सहीचा अधिकार कुठल्याही नियमात दिलेला नाही.

साहेबांनी आदेश पुन्हा वाचला. तो त्यांचाच होता, त्यामुळे चुकीचा असणं शक्य नव्हतं. सहीचा अधिकार कापडाकडे गेला.

आता कापड सही कशी करणार, यावर समिती बसली. समितीने शोधून काढलं की कापड खरखरीत असल्यामुळे कागद धरून ठेवतं. ठरलं: कापड ज्या अर्जाला धरून ठेवील तो मंजूर, ज्याला सोडील तो नामंजूर. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज ठेवायला सुरुवात झाली आणि कापडाने एकही अर्ज सोडला नाही. वर्षानुवर्षं पडलेले अर्ज भराभरा मंजूर होऊ लागले. शहरात ज्याला जे उघडायचंय ते तो उघडू शकेल अशी भीषण परिस्थिती दुपारपर्यंत निर्माण झाली. ब्यूरोत धावाधाव झाली. शेवटी हेडक्लार्कबाईंनी प्रसंगावधान राखून पंखा पाचवर केला.

त्या भाग्यवान सकाळी ताईचा अर्ज शब्दाधिकाऱ्याच्या पिशवीतच होता. तो आदेशातला एक स्वल्पविराम तपासत होता.

"सगळं शहर मंजूर झालं," ताई त्या रात्री म्हणाली. "कोपऱ्यावरचा न्हावी मंजूर झाला. ज्याने अर्जच केला नव्हता तो त्याचा शेजारीही मंजूर झाला, त्याचा कागद न्हाव्याच्या कागदाला चिकटला होता म्हणे. आणि तू काय करत होतास?"

"स्वल्पविरामाने अर्थ बदलतो गं ताई."

"माझा बदलला ना! मीच येते उद्या."

पंखा पाचवर आल्यापासून कामकाज सुरळीत झालं होतं. अर्ज उडत. उडालेला अर्ज शिपाई उचलून अर्जदाराला परत देई आणि म्हणे, "ब्यूरोची इच्छा नाही." ज्यांच्या अर्जावर वजन असे ते अर्ज मात्र पूर्वीसारखेच जागच्या जागी राहत, एवढी एक जुनी पद्धत नव्या व्यवस्थेतही शाबूत राहिली.

ताई आली तेव्हा हेडक्लार्कबाई पंख्याच्या बटणापाशी बसल्या होत्या.

"कुणाला भेटायचंय?"

"साहेबांना."

"कुठल्या? कापडसाहेबांना की वाढीला?"

"जो सही करतो त्याला."

"मग कापडसाहेब. चपला बाहेर काढा. आवाज चढवायचा नाही. अर्ज ठेवायचा आणि मागे सरायचं."

ताईने चपला काढल्या. समोरचं कापड तिने शिवणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलं. "हे? याची वीण तर बघा. पायपुसणं म्हणून कुणी घेणार नाही."

हेडक्लार्कबाईंनी कानावर हात ठेवले. ताईने अर्ज ठेवला. तो क्षणभर थरथरला, उठला, साहेबांच्या डोक्यावरून गेला आणि खिडकीबाहेर पडला. शब्दाधिकारी आपल्या टेबलामागे खाली मान घालून एका शब्दाचं मूळ शोधत होता.

"ऐकू गेलं त्यांना," हेडक्लार्कबाई कुजबुजल्या. "तुम्ही वीण काढायला नको होती."

आणि गंमत अशी की हे त्या मनापासून बोलत होत्या. पंख्याचं बटण स्वतःच्या हाताने फिरवणाऱ्या हेडक्लार्कबाई! पण रोज फिरवून फिरवून आपण फिरवतो हे त्या विसरल्या होत्या. लोकांचंही तसंच झालं. अर्जदार येताना इस्त्रीचे कपडे घालून येऊ लागले. कापडाशी नजर भिडवू नये असा संकेत पडला. "आज कापडसाहेबांचा मूड कसा आहे?" असं शिपायाला हळूच विचारू लागले. एका वर्तमानपत्राने कापडाच्या कार्यक्षमतेवर अग्रलेख लिहिला: कापड रजा घेत नाही, भाषण करत नाही, मेहुण्याला नोकरीला लावत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं, त्यामुळे प्रमुखसाहेबांना तो फार लागला.

साहेबांनी रजेचा अर्ज टाकला. तो उडाला. पुन्हा टाकला. पुन्हा उडाला. मग साहेब रोज वेळेवर येऊन त्या मोडक्या खुर्चीशेजारी उभे राहू लागले, कारण खुर्चीचाही अर्ज उडाला होता.

कापडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. झाडलोट करणारी बाई लांबूनच जाई. धूळ साचली, आणि लोकरीचं जे होतं तेच झालं: कसर लागली. एक दिवस सकाळी ब्यूरोला भोक पडलेलं दिसलं.

आधी ते रिक्त पद समजण्यात आलं. त्या पदासाठी उपप्रमुखांनी लगेच अर्ज केला, आणि तो बरोबर भोकावर ठेवल्यामुळे कापडाने धरला नाही, पण सोडलाही नाही. मग समितीने मत दिलं की सच्छिद्र ब्यूरोने दिलेल्या मंजुऱ्याही सच्छिद्र ठरतील. सगळं काम थांबलं. कापड रफू करणं भाग होतं. रफू करायचं तर मान्यताप्राप्त शिवणघरातच. मान्यता असलेलं शिवणघर शहरात एकच निघालं, ताईचं. बाकीच्यांना मान्यता मिळायची होती. ताईच्या शिवणघराला सील होतं. सील काढायला ब्यूरोची मंजुरी हवी होती. आणि ब्यूरोला भोक होतं.

समितीचे सदस्य एकमेकांकडे समाधानाने पाहू लागले. इतकी परिपूर्ण अडचण त्यांच्या कारकिर्दीत आली नव्हती.

शब्दाधिकाऱ्याने मात्र या वेळी तोंड उघडलं. महिना संपत आला होता, आणि ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. "साहेब, बहिणीचं घर शिवणघर नाही. तिथे सील नाही. कार्यालय दौऱ्यावर नेता येईल."

दौरा मंजूर करायला कुणी नव्हतं, म्हणून नामंजूर करायलाही कुणी नव्हतं. कापडसाहेब गाडीत मागच्या सीटवर बसले. म्हणजे घडी करून ठेवले. प्रमुखसाहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. उपप्रमुख मागून पायी आले. ताईच्या घरात जेवणाच्या टेबलावर ब्यूरो अंथरण्यात आला आणि सगळी वाढ शिष्टाचार म्हणून जिन्यात थांबली.

ताईने चष्मा लावला, भोकाभोवती बोट फिरवलं आणि सुईत दोरा ओवला. बघता बघता भोक बुजलं. दोरा तोडून ती म्हणाली, "झालं. घेऊन जा म्हणावं पायपुसणं."

"थांब ताई," शब्दाधिकारी कुजबुजला. "ब्यूरो आता धडधाकट आहे. आणि इथे पंखा नाही. तुझा अर्ज ठेव."

ताईने ठेवला. अर्ज जागचा हलला नाही. खरखरीत कापडाने तो पोटच्या पोरासारखा धरून ठेवला. शब्दाधिकाऱ्याने जिन्यात जाऊन ओरडून सांगितलं, "मंजूर!" शिपाई धावत गेला, सील तोडून धावत परत आला. "बाई, दार उघडलं. बाहेरच्या बाजूला."

ताईचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले आणि ती उठणार, इतक्यात दारात वरच्या मजल्यावरचे पेन्शनर उभे. ताईच्या घरातल्या जुन्या मशीनचा आवाज येतो म्हणून आयुष्यभर जिन्यातून "ए शिवणवाली!" असं ओरडणारे हेच ते.

"बाईसाहेब," पेन्शनर म्हणाले. हात जोडलेले, चपला बाहेर काढलेल्या. "आपल्याकडे ब्यूरो आलाय असं कळलं. माझा एक गॅलरीच्या कठड्याचा अर्ज होता. आपली कृपा असेल तर..."

ताई परत बसली. पेन्शनरांनी अर्ज अलगद कापडावर ठेवला आणि ते मागे सरले. अर्ज जागेवर होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं, पेन्शनरांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग तिने ओठांचा चंबू करून हळूच फुंकर मारली.

अर्ज खाली पडला.

"ब्यूरोची इच्छा नाही," ताई म्हणाली.

"काही हरकत नाही बाईसाहेब," पेन्शनर वाकून कागद उचलत म्हणाले. "उद्या येतो."

शब्दाधिकारी पोट धरधरून हसला. त्याला वाटलं, ताईने एक जुना हिशोब मिटवला, झालं. पण कापड परत न्यायला जिन्यातली वाढ वर आली, तेव्हा ताईने आणखी एक विरलेली जागा दाखवली. रफू घाईत होत नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी आणखी एक जागा निघाली. ज्याला जागा शोधायच्याच आहेत त्याला जाड्याभरड्या कापडात त्या हव्या तेवढ्या मिळतात. हेडक्लार्कबाई बदलून ताईच्या स्वयंपाकघरात आल्या. पंखा नसल्यामुळे त्या निव्वळ मान हलवत. साहेब जिन्यातच उभे राहत. आता त्यांना उभं राहण्याची सवय झाली होती.

शिवणघरातल्या दोघीजणी आल्या. "बाई, दार उघडंय, पण किल्ल्या तुमच्याकडे. कपाटातले दोरे काढायचेत. रुग्णालयाचा माणूस दोनदा येऊन गेला. बाह्या लावल्या की झालं, एका दिवसाचं काम आहे."

"अर्ज ठेवा," ताई म्हणाली.

"अहो बाई, आम्ही! आम्हाला कसला अर्ज?"

"आपल्याच माणसांनी नियम मोडायचे का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने अर्ज लिहिला. दुसरीने तो ठेवला. ताईने फुंकर मारली. सवयीने, दुसरं काही नाही. कागद टेबलावरून गेला तेव्हा ती त्याच्याकडे बघतही नव्हती, पुढच्या अर्जाकडे बघत होती.

महिना संपला. रुग्णालयाने काम दुसरीकडे दिलं. हे कळवायला रुग्णालयाचा माणूस आला, तेव्हा त्याला रांगेत उभं करण्यात आलं. बाह्यांविना अंगरखे शिवणघरात तसेच पडून राहिले. दार वाऱ्याने उघडत होतं, मिटत होतं, अगदी नियमाप्रमाणे.

शेवटी शब्दाधिकाऱ्याला राहवलं नाही. तो रांग ओलांडून थेट आत गेला आणि टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "ताई, बस झालं. शिवणघर गेलं तुझं! हे घोंगडं आहे गं. तूच म्हणाली होतीस."

रांगेत खळबळ उडाली. "हळू बोला हो," कुणीतरी कळवळून म्हणालं. "आमची कामं अडकलीत."

ताईने चष्म्याच्या वरून भावाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ओळख होती, पण कामापुरती.

"काय काम आहे?" तिने विचारलं.

"काम कसलं? भूक लागलीय. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. जेवायला वाढ."

"रांग कुठून सुरू होते ते बाहेर विचार," ताई म्हणाली, आणि पुढच्याला हात केला.

शब्दाधिकारी बाहेर आला. रांग जिन्यावरून खाली उतरली होती, फाटकातून बाहेर पडली होती, न्हाव्याच्या दुकानावरून वळून पार पलीकडच्या रस्त्याला लागली होती. तो शेवटपर्यंत चालत गेला आणि उभा राहिला. पुढच्या माणसाने मागे वळून विचारलं, "का हो, आत नक्की काय आहे?"

आत नक्की काय आहे हे त्या अख्ख्या रांगेत एकट्या शब्दाधिकाऱ्यालाच मुळापासून ठाऊक होतं. तो जरा घुटमळला. मग त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"ब्यूरो," तो म्हणाला.

त्याच्या मागे तुम्ही येऊन उभे राहिलात. तेव्हा हसत होतात. साधं कापड आहे, हे एव्हाना तुम्हालाही कळलं होतं. पण हातात अर्ज होता, केस नीट विंचरलेले होते, आणि कडेने कुणी घुसायला लागलं तेव्हा "अहो, रांगेत या!" असं सगळ्यांत मोठ्याने ओरडलात ते तुम्हीच. असो, जाऊ द्या. जरा पुढे सरका, मागची मंडळी उन्हात उभी आहेत.